प्रतीक्षाचा मामा

देऊळघाटच्या भागवतरावांना फौजेतून घरी येऊन काही वर्षं झाली. आता ते वांगी-मिरची लावतात, सकाळी भाजी बुलढाण्याला पोचवतात. फौजेच्या गोष्टी फारशा सांगत नाहीत. सांगितलीच तर मोतालिबची सांगतात.

मोतालिब बांगलादेशच्या फौजेतला. अतिरेक्यांशी दोन्ही देशांनी मिळून कसं लढायचं, याचा सराव मेघालयाच्या डोंगरात झाला, तेव्हा या दोघांची जोडी लावली होती. दार ढकलून आत शिरायचं भागवतरावांनी आणि पाठ राखायची मोतालिबने. सुरुवातीला भागवतराव सारखे मागे वळून बघायचे. परक्या वर्दीतला माणूस, हातात बंदूक आणि आपली पाठ त्याच्याकडे!

"भाई, पीछे मत देखो. हम है ना," मोतालिब म्हणायचा. हिंदी त्याने टीव्हीवरून उचललेली. हळूहळू भागवतरावांची मान वळायची थांबली.

शेवटच्या दिवशी जेवणं झाल्यावर भागवतरावांनी घरी व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या बायकोला, सिंधूताईंना, सख्खा भाऊ काय, चुलतभाऊही नाही, हे कळल्यावर मोतालिब म्हणाला, "तो दीदी, हम भाई."

सिंधूताईंनी शाळकरी लेकीला, प्रतीक्षाला पुढे ओढलं. "मंग हिच्या लग्नात मामा म्हून उभं राहा लागन बरं!"

आमच्याकडे नवरीला मंडपात आणतो तो मामा आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागे उभा राहतो तोही मामाच. भागवतरावांनी हे समजावून सांगितलं. मोतालिब हसला नाही. म्हणाला, "आएगा, जरूर आएगा."

शेजारच्या शंकररावांना याची भारी गंमत. "काहो भागवतराव, साळा लय दूरचा धरला तुमी! एसटी जाते का तिकडे?" भागवतराव नुसते हसत. दिवाळीला तिकडून आणि ईदला इकडून फोन होत राहिला.

मग ढाक्याचं सरकार बदललं. दोन देशांचं बिनसलं, व्हिसा मिळेनासे झाले. ज्या साहेबांनी दोघांना गळाभेट घ्यायला लावून फोटो काढले होते, तेच आता फोनवर म्हणाले, "सध्या बोलणं टाळलेलं बरं." फोन कमी होत होत बंदच पडले.

"दुश्मन तं तोच हाय, अतिरेकी," भागवतराव एकदा शंकररावांना म्हणाले, "मंग दोस्त काऊन बदलला?"

"ते दिल्लीले ठाव," शंकरराव म्हणाले.

यंदा प्रतीक्षाचं लग्न ठरलं. सिंधूताईंनी धोशा लावला, "मामाले फोन करा." भागवतराव टाळत राहिले. शेवटी एका दुपारी मिरचीच्या शेताच्या बांधावर बसून त्यांनी नंबर लावला.

"भाई!" तोच आवाज. मागे कोणीतरी बोलत होतं. मोतालिब बाजूला गेला असावा, कारण आवाज एकदम खाली आला. "उधर सब ठीक?"

"सब ठीक. तुम्हारे?"

"ठीक." मग त्याने विचारलं, "बच्ची का शादी तो नहीं किया ना? थोडा रुक जाओ, भाई. रास्ता खुलेगा. हम आएगा."

भागवतरावांच्या ओठावर तारीख आली होती. ते म्हणाले, "अभी कहाँ! पढ रही है."

"अच्छा है," मोतालिब म्हणाला. त्याने सोडलेला श्वास भागवतरावांना स्पष्ट ऐकू आला.

घरी सिंधूताई गहू निवडत होत्या. "काय म्हने मामा?"

"पोरीचं इचारत होता. मी म्हनलं, शिकून राह्यली."

सूप थांबलं. "काऊन हो? पत्रिका छापून आल्या ना!"

"सांगतलं असतं, तं त्याले येत नाई म्हना लागलं असतं."

सिंधूताईंनी सूप खाली ठेवलं. "मंग मामा कोन?"

भागवतराव शंकररावांच्या ओट्यावर गेले. शंकररावांनी सवयीने तोंड उघडलं, "काहो, साळा..." आणि त्यांचा चेहरा पाहून तिथेच थांबले. सगळं ऐकून म्हणाले, "मागं उभंच राहाचं ना पोरीच्या? राहीन."

"हाव," भागवतराव म्हणाले. काम झालं होतं. तरी ते ओट्यावरून उठले नाहीत.