बाईंच्या आवाजातली जाहिरात

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी बाई म्हणते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बाईच. आता आमच्या चुली वेगळ्या आहेत, पण मधली भिंत एकच आहे. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या फार झाल्या की मी इकडून थाप मारते.

तर या बाई भजनं रचतात. कागद-पेन घेऊन बसत नाहीत बरं का. तांदूळ निवडता निवडता गुणगुणतात, दोन दिवस स्वतःशीच घोळवतात आणि तिसऱ्या दिवशी भिंतीवर त्यांची थाप पडते, "ये वं, ऐकून जाय."

भजनाच्या शेवटी रचणाऱ्यानं आपलं नाव घालायची रीत आहे. बाईंना स्वतःचं नाव घ्यायची लाज. नव्या सुनेला तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच बसावं लागे आणि पहिलं भजन त्यांनी तिथंच रचलं, म्हणून त्यांच्या प्रत्येक भजनाच्या शेवटी येतं, 'कोपऱ्यातली म्हणे'. ही छाप दुसऱ्या कोणाची मी तरी ऐकली नाही.

आमच्या वस्तीत आम्हा बायांचं भजनी मंडळ आहे. ढोलक, पेटी, टाळ सगळं एकदम वाजायला लागलं की नव्या बाईला चाल पकडताच येत नाही. म्हणून आम्ही एक पद्धत पाडली, कोऱ्या चालीची. बाईंनी एकटीनं गायचं. पेटी नाही, ढोलक नाही, टाळी सुद्धा नाही. पंख्याची घरघर येते म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद. एकेक ओळ सावकाश, दोनदोनदा. ते मोबाइलवर भरून घ्यायचं आणि मंडळाच्या चॅनलवर टाकायचं, म्हणजे गावोगावच्या बायाही शिकतील. खाली शब्द टाइप करायचं काम माझ्याकडे. एका बोटानं का होईना, पण काना-मात्रेची चूक होऊ द्यायची नाही. आम्हाला फार अभिमान होता हो या पद्धतीचा!

आणि बाया शिकल्याही. कुठल्या कुठल्या गावात गायल्या. पण आधी सांगायच्या, "हे नागपूरच्या एका बाईचं भजन आहे," आणि मगच टाळ उचलायच्या. हे कोणी त्यांना शिकवलं नव्हतं.

मागच्या वर्षी बाईंचे डोळे दाखवायला रामदासपेठेत गेलो होतो. डोळ्यांत औषध टाकून त्यांना डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. शेजारच्या खुर्चीवर एक माणूस मोबाइल बघत होता, आवाज मोठा करून. गाणं लागलं. लालभडक तर्री, मटणाचा रस्सा, या पाहुणे, बसा पाहुणे, असं काहीतरी. कुठल्याशा सावजी भोजनालयाची जाहिरात होती.

बाईंनी मिटल्या डोळ्यांनीच माझा हात धरला.

"हे कोण गाऊन राहिली वं?"

मी म्हटलं, "बाई, तुमच्यासारखाच आवाज वाटते."

"माझ्यासारखा नाही. माझाच आहे. वर चढताना माझा श्वास अडकते ना, तो पण आहे पाह्य."

मी ऐकलं. अडकत होता. लहानपणी त्यांना दमा होता, त्याची ती खूण. आणि गाणं संपता संपता, रस्सा वाढून झाल्यावर, त्याच आवाजात आलं, 'कोपऱ्यातली म्हणे'.

बाई माळकरी. कांदा-लसूणही वर्ज्य. त्यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला आणि तिथंच राहिला. मी त्या माणसाला म्हटलं, "बंद करा ना हो ते." तो म्हणाला, "काहून मावशी? मस्त तर आहे!" त्याची काय चूक म्हणा.

घरी येऊन मी सुनेला सांगितलं. ती सदर भागातल्या एका कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिनं जाहिरात शोधली, खालचा नंबर लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

भोजनालयाचा मालक बिचारा घाबरला. "मावशी, आईची शपथ, मी कोणाचा आवाज नाही घेतला. एक ॲप आहे. त्यात लिहिलं, वऱ्हाडी बाईचा आवाज, भजनाची चाल, मटणाचं गाणं. चहा संपायच्या आत त्यानं बनवून देल्लं!"

"अन् शेवटी ते 'कोपऱ्यातली'?" बाईंनी विचारलं.

"मले वाटलं आमचं भोजनालय कोपऱ्यावर आहे, म्हणून घातलं असंन त्यानं."

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. बाईंना नाही आलं. त्यानं जाहिरात काढतो म्हणून कबूल केलं आणि खरंच काढली. वर म्हणाला, "कधी जेवायला या मावशी," आणि मग, बाई माळकरी असल्याचं सुनेनं आधीच सांगितलेलं आठवून, घाईनं फोन ठेवला.

सून मला म्हणाली, "आई, या ॲपला शिकवायला गाणी लागतात. ढोलक-पेटीत मिसळलेला आवाज त्याला वेगळा करत बसावा लागतो. तुम्ही तर निवडून, पाखडून ठेवला होता. खाली शब्दसुद्धा लिहून."

पंखा बंद करून, घामानं निथळत आम्ही ते करत होतो. नव्या बायांसाठी.

सुनेनं त्या ॲपवाल्यांना तक्रार पाठवली. उत्तर फार गोड आलं. आम्ही कोणाचं गाणं उतरवत नाही, आमचं यंत्र फक्त शिकतं, असं. मग सदरमधल्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही खुलं ठेवलं म्हणजे देऊन टाकलं, असं नाही होत. लढता येते. पण त्यांनी काय काय ऐकवून यंत्राला शिकवलं, हे ॲपवाले सांगत नाहीत, आणि सिद्ध करायचं आपल्याला."

बाई म्हणाल्या, "माझी छाप आहे ना त्यात. अजून काय सिद्ध करू?"

"तीच तर मोठी गोष्ट आहे आपल्याकडे," वकीलबाई म्हणाल्या. "पण वेळ लागेल."

"किती?"

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. बाई समजल्या.

मंडळात तर दोन तट पडले. एक म्हणे चॅनल बंद करा, दुसरा म्हणे काहून बंद करा, गावच्या बायांनी काय करावं मग. आमच्यातली एक जिभेला हाड नसलेली आहे, ती म्हणाली, "अवं, फेमस झाल्या बाई तुमी! आता माळ काढा अन् तर्री चाखूनच पाहा!" सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. पुढच्या गुरुवारी मात्र भजनाला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

शेवटी आम्ही सगळ्या कोऱ्या चाली काढून टाकल्या. सून म्हणाली, "काढल्या ते बरं केलं. पण ते शिकलं ते शिकलं, आई. त्याच्या पोटातून नाही निघत आता." त्या दिवशी मी बाईंकडे गेलेच नाही. काय सांगणार होते?

बाईंचं माहेर रामटेकच्या बाजूला, धानाच्या पट्ट्यात. तिथं दरवर्षी सप्ताह असतो आणि शेवटच्या दिवशी बाईंचं नवं भजन. यंदा जातात की नाही, मला धाकधूक होती. गेल्या. मला सोबत घेतलं. बसमध्ये म्हणाल्या, "नवीन केलं आहे. कोणाले शिकवलं नाही. तुले पण नाही."

बसायच्या आधी त्यांनी हात जोडून सांगितलं, "मोबाइलवर भरून घेऊ नका बायांनो. ऐका, मनात ठेवा." सगळ्या हो म्हणाल्या. पेटी लागली. बाई गायला लागल्या, आणि काय सांगू, इतक्या महिन्यांनी तो आवाज समोरून, माणसाच्या गळ्यातून ऐकताना माझ्या डोळ्यांना धार लागली. दोन कडवी झाली. तिसऱ्याला त्या उचल घेणार, तेवढ्यात पुढे बसलेल्या त्यांच्या भाचीनं मोबाइल वर धरला. त्यांच्या भावाचीच मुलगी, अंगाखांद्यावर खेळलेली.

बाई थांबल्या.

ढोलकवाल्याला कळलं नाही, तो थोडा वेळ वाजवत राहिला. मग तोही थांबला. एरवी एक थांबली तर बाकीच्या ओळ उचलतात. इथं पुढची ओळ कोणालाच येत नव्हती.

"आत्या, मी कुठं टाकणार नव्हती वं," भाची रडकुंडीला आली. "आठवण म्हणून फक्त. तुमच्या मागं काय राहील आमच्याजवळ?"

बाईंनी तिला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण गायल्या नाहीत. दुसऱ्या कोणाच्या जुन्या भजनानं सप्ताह आटोपला.

परत आल्यावर मी म्हटलं, "बाई, मला शिकवा. माझं स्वतःचं ना चॅनल, ना मला ते ॲप समजत. तोंडी द्या, मी तोंडी ठेवीन."

त्यांनी निवडायच्या तांदळाचं सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "दुपारी येत जाय."

तेव्हापासून मी रोज दुपारी जाते. मोबाइल घरी ठेवून जाते; त्यांनी सांगितलेलं नाही, मीच ठेवते. माझंही वय झालं आहे. आज पाठ झालेली ओळ उद्या निसटते आणि त्या न कंटाळता पुन्हा सांगतात. दोन कडवी आता मला न अडखळता येतात. तिसरं मागितलं की म्हणतात, "अजून पक्कं नाही झालं वं. झालं की देतो तुले."

काल दुपारी मी भिंतीला टेकून सुपारी कातरत बसले होते. पलीकडून बाईंचा आवाज आला, अगदी बारीक. तिसरं कडवं होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठेही न अडता. मी अडकित्ता खाली ठेवला, श्वास रोखून बसले. वाटलं, ऐकून घ्यावं, पाठ होईल. मग उठले आणि परसात निघून गेले.