इंदुबाईच्या बारा पोळ्या

खराडीत इंदुबाईच्या दाराला कडी होती, साखळी होती, आणि दोन्हींपेक्षा पक्की अशी स्वतः इंदुबाई होती. कुणी दार वाजवलं की ती आधी खिडकीच्या फटीतून त्याचे पाय बघायची. झिजलेल्या चपला असल्या तर गल्लीतलं माणूस, पॉलिशचे बूट असले तर सरकारी नाहीतर वसुलीवालं, आणि उंच टाचेच्या सँडल असल्या तर काहीतरी गळ्यात मारायला आलेली बाई. मग ती विचारणार, "कोण हाय?" उत्तर आलं तरी हात लगेच कडीकडे जायचा नाही.

हा संशय तिनं माहेराहून आणलेला नव्हता. उस्मानाबादकडच्या तिच्या गावात दारं दिवसभर सताड उघडी असत. नवरा उत्तरेश्वर पुण्यात आला तेव्हा खराडीत ज्वारीची रानं होती आणि एका आयटी पार्कचा पाया खणायला नुकती सुरुवात झाली होती. तो त्या खड्ड्याचा राखणदार झाला. खड्ड्यातून काचेची सात मजली इमारत वर आली, तेव्हा त्याच्या अंगावर निळा गणवेश आला आणि बिऱ्हाड पत्र्याच्या खोलीतून सिमेंटच्या दोन खोल्यांत आलं. इंदुबाईनं तेवढ्या काळात शहराची रीत ओळखली. फुकट साबण वाटून गेलेला माणूस आठ दिवसांनी मिक्सरचे हप्ते बांधायला येतो, आणि नुसती चौकशी करून गेलेल्या माणसामागून झोपड्या मोजणारे येतात, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिचा धंदा डब्यांचा. उत्तरेश्वरच्या इमारतीत यवतमाळकडची दिग्विजय आणि सुदर्शन नावाची दोन पोरं कॉम्प्युटरवर कामाला होती. कँटीनच्या पिवळ्या भाताला विटली होती. एकदा त्यांनी उत्तरेश्वरच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी चाखली, आणि पुढच्या आठवड्यापासून दोन डबे जास्तीचे जायला लागले. दोनाचे सहा झाले, आणि दोन हजार सात साल उजाडेपर्यंत बावीस. रोज साडेअकराला रिक्षा दारात यायची आणि डबे घेऊन जायची.

आणि या धंद्यात एक मुरलेली भीती होती, ती गॅसची. स्वैपाक व्हायचा घरगुती लाल सिलिंडरवर. धंद्याला तो वापरायचा नाही, हे इंदुबाईला चांगलं ठाऊक होतं. एक सिलिंडर उत्तरेश्वरच्या नावाचा, दुसरा शेजारच्या द्वारकाचा. द्वारका स्वतः रॉकेलच्या स्टोव्हवर भागवायची आणि सिलिंडरच्या बदल्यात दोन वेळची भाजी न्यायची. मागच्या गल्लीतल्या वडापाववाल्याचे सिलिंडर पुरवठा खात्याच्या माणसांनी उचलून नेले, तेव्हापासून दोघींना झोप कमीच होती.

अशात इंदुबाईला धाप लागायला लागली. डब्यांची पिशवी उचलली की डोळ्यांपुढे अंधारी. समाजमंदिरात बायकांचं रक्त फुकट तपासतात असं कळलं. फुकट म्हटल्यावर ती जाणार नव्हती, पण उत्तरेश्वर म्हणाला, "तू पडलीस तर बावीस डबे मी लाटणार हाय का?" म्हणून गेली.

तिथं तनया भेटली. सदाशिव पेठेतली, पीएचडी करणारी, तोंडानं फटकळ पण हाताची हलकी. तिनं सांगितलं की पुण्याचं एक आणि युगांडाचं एक अशी दोन विद्यापीठं मिळून हे काम करतायत. दोन्हीकडे शहरं भराभर वाढतायत, कंपन्या येतायत, पण त्यांच्या आसपास राबणाऱ्या बायकांच्या अंगात रक्तच नाही. ते का, हे शोधायचं आणि त्यावर उपाय करायचा.

"आन तुमाला त्यात काय मिळतं?" इंदुबाईनं विचारलं.

"मला? पदवी. मिळाली तर."

हे उत्तर इंदुबाईला जरा खरं वाटलं. तिनं बोट पुढे केलं. रक्त निघालं साडेसात. तनयानं लोहाच्या गोळ्या दिल्या, रोज एक, जेवणानंतर.

घरी आल्यावर द्वारकानं गोळी नाकाशी धरली. "इंदे, लाल रंग बघ कसा हाय. असल्या गोळ्यांनी अंगातली ताकद जाती. मग बाई म्हंते, अजून तपासायला पायजे." गोळ्या डाळीच्या डब्याच्या तळाशी गेल्या.

दोन महिन्यांनी पुन्हा बोट टोचलं, तर रक्त सात. तनयाच्या कपाळावर आठी आली. "गोळ्या घेता ना?"

"रोज," इंदुबाई म्हणाली.

"मग तुम्ही खाता काय, ते मला घरी येऊन बघावं लागेल."

आणि एका सकाळी दहाला खरंच दार वाजलं. फटीतून सँडल दिसल्या. पोळ्यांची एक चळत इंदुबाईनं कॉटखाली ढकलली, दुसरा सिलिंडर गोधडीखाली झाकला आणि मग कडी काढली. तरी ओट्यावर चाळीसेक पोळ्या राहिल्याच होत्या, आणि भाजीची मोठी कढई झाकायला घरात गोधडी उरली नव्हती.

"घरात माणसं किती?" तनयानं विचारलं.

"चार. मी, मालक, रुपाली आन सोनू."

"पाहुणे येणारेत?"

हो म्हणाली असती तर सुटली असती. पण तिला वाटलं, ही आता पाहुण्यांची नावं विचारणार. "न्हाई. घरचंच हाय."

"चौघांत एवढ्या पोळ्या?"

"आमी खाणारी माणसं हाओत."

"तुम्ही स्वतः किती खाता?"

"धा," इंदुबाई म्हणाली, आणि चळतीकडे बघून हिशोब जुळेना म्हणून वाढवलं, "बारा."

तनयाच्या घरी पाचवी पोळी मागितलेल्या पाहुण्याची आठवण वर्षभर निघत असे. ती म्हणाली, "एका वेळी?"

"मग काय हप्त्यानं?"

त्यानंतर तनया आणखी दोनदा आली. एकदा म्हणून बसल्यावर इंदुबाईला बारावरून खाली येता येईना. उलट मेथीची भाजी, वरण, भात, कांदा, दही असं ती धडाधड सांगत गेली. जे जे डब्यात भरलं होतं, ते ते सगळं तिनं खाल्लं. तनयाची नजर गोधडीकडे वळली की ती मधे येऊन उभी राहायची. ही पोरगी रक्ताच्या निमित्तानं गॅसच शोधत हिंडतीय, याबद्दल द्वारकाला तर शंकाच उरली नव्हती. "अगं, नाहीतर कुणी परक्या बाईला विचारतं का, काल काय जेवलीस म्हणून?"

आठवड्यानं निरोप आला तो वेगळाच. तनयाच्या कामावरच्या मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं होतं की ही बाई बारा पोळ्या खाते, पालेभाजी खाते, लोहाच्या गोळ्या घेते, तरी रक्त उतरतंय. म्हणजे आत कुठेतरी गळतंय. तोंडातून पोटात नळी घालून बघावं लागेल. मंगळवारी इस्पितळात या, दिवस मोडेल.

इंदुबाईनं निरोप द्वारकाला सांगितला. द्वारका म्हणाली, "नळी घालतेत आन किडनी काढतेत. मी सांगते तुला."

"तोंडातनं किडनी काढतेत का, द्वारकावहिनी?" उत्तरेश्वर म्हणाला. पण त्याचाही चेहरा उतरला होता. रात्री तो हळूच बोलला, "खरं सांगून टाक की."

"आन सिलिंडर गेले तर? द्वारकीचं कनेक्शन गेलं तर? बावीस पोरं आठ दिवसांत दुसरी बाई बघतील."

"आन तुझ्या पोटात खरंच काय असलं तर?"

तिलाच आता आपल्या पोटाचा संशय यायला लागला होता. मंगळवारी ती गेली नाही. दिवसभर दाराला आतून साखळी घातली.

बुधवारी एकच्या सुमाराला दार वाजलं. डबे केव्हाच गेले होते. फटीतून तनयाच्या सँडल दिसल्या आणि शेजारी मोठ्या मापाचे, धुळीनं माखलेले कापडी बूट. बरोबर युगांडाच्या विद्यापीठातल्या डॉक्टरीणबाई होत्या, नाकातो नावाच्या. परदेशी म्हणजे गोरी मॅडम अशी इंदुबाईची समजूत होती. ही तर तिच्याहून सावळी, उंच, केसांच्या बारीक वेण्या घातलेली, आणि आल्याबरोबर चपला काढायच्या जागी बूट काढून सरळ फरशीवर बसली.

तनया म्हणाली, "इंदुबाई, काल तुम्ही आला नाहीत. नळीची भीती वाटली?"

"भ्या कशाचं? काम होतं."

नाकातोनं तनयाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. तनयानं मराठीत केलं, "त्या म्हणतायत, तुमच्या जेवणाची वेळ झाली असेल. जेवा ना, आम्ही तुमच्यासोबत बसतो."

इंदुबाईनं कढईकडे पाहिलं. कढईत मसाल्याची कड तेवढी होती. परातीत एक पोळी, तीही फाटकी. "आज माझा उपास हाय."

"कसला?"

"मंगळवारचा."

"आज बुधवार आहे," तनया म्हणाली. "कालचा संपला नाही का अजून?"

नाकातो हसली नाही. ती मोरीकडे बघत होती. तिथं दोन भली मोठी पातेली पालथी पडली होती. ती बोलायला लागली, आणि तनया तुकड्यातुकड्यानं सांगत गेली. हिची आई कंपालाच्या बसस्टँडवर उकडलेली केळी आणि घेवड्याची उसळ विकायची. रिकामं पातेलं घेऊन घरी यायची, आणि विचारलं की म्हणायची, माझं जेवण झालंय. मुलांना खरं वाटायचं. कारण दिवसभर अन्नातच असायची ना.

इंदुबाईनं ऐकून घेतलं. पण विरघळली नाही. तिनं विचारलं, "हिच्या आईकडं गॅस कुणाचा होता?"

तनया गोंधळली. "काय?"

"विचार की. गॅस होता का चूल? कुणी उचलून न्हेत होतं का?"

तनयानं विचारलं. नाकातोनं हात झटकून दाखवला, पातेलं उलथून टाकल्यासारखा. कोळशाची शेगडी होती. नगरपालिकेची गाडी आली की आई शेगडी तशीच उचलून पळायची. एकदा हात भाजला. त्याचा डाग अजून आहे.

इंदुबाई उठली आणि दार लावून घेतलं. साखळीही चढवली. मग तनयासमोर उभी राहिली.

"शपथ घे."

"कशाची?"

"तुझ्या पदवीची. मी आता जे सांगनार ते गॅसवाल्याला सांगितलंस तर पदवी मिळनार न्हाई, असं म्हण."

तनयाच्या जिभेवर काहीतरी तिरकं आलेलं दिसलं, पण तिनं ते गिळलं आणि शब्दशः शपथ घेतली. तेव्हा इंदुबाईनं गोधडी ओढली.

बावीस डबे ऐकून तनया भिंतीला टेकली. "म्हणजे त्या बारा पोळ्या…"

"पोरांच्या पोटात."

"मेथी?"

"पोरांच्या."

"वरण, दही?"

"दही सुदर्शनच्या एकट्याच्या डब्यात असतं. त्याला आंबट लागतं."

"मग काल तुमच्या पोटात काय गेलं?"

इंदुबाई बोटांवर मोजायला लागली. सकाळी चहा. डबे भरताना पोळीचा कडेचा तुकडा, चटणी लावून, उभ्यानंच. चारला चहा. रात्री पोरांची जेवणं झाल्यावर भात, त्यावर वरणाचं पाणी. एवढंच होतं. काय शिजवलं ते तिला महिन्याचं पाठ होतं. आपण काय खाल्लं हे तिनं कधी आठवायचा प्रयत्नच केला नव्हता.

"आणि गोळ्या?"

तिनं डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून पाकिटं काढली. एकही फोडलेलं नव्हतं.

तनया आता ओरडणार असं वाटलं. पण ती नाकातोशी बराच वेळ बोलली, मग म्हणाली, "नळी आत्ता नको. मी मोठ्या डॉक्टरांशी बोलते. पण महिनाभर गोळी घ्यायची आणि जेवायचं. रक्त चढलं तर सुटलात. नाही चढलं, तर मात्र नळी, आणि तेव्हा मी हाताला धरून नेणार."

इंदुबाईनं पाकीट तिच्यापुढे धरलं. "आदी तू खा एक."

"मला कशाला?"

"असंच."

तनयानं पाणी मागितलं आणि गोळी घेतली. नाकातोनंही हात पुढे केला. इंदुबाई दोघींच्या चेहऱ्यांकडे बघत बसली, चांगला पाऊण तास. काही झालं नाही. तेव्हा तिनं स्वतः एक घेतली.

गोळी सोपी निघाली. जेवण अवघड निघालं. चार पोळ्या बाजूला काढून ठेवायच्या, तर रिक्षा यायच्या आत कुणाचा तरी फोन, "मावशी, आज दोन जास्त टाका." की बाजूच्या पोळ्या गेल्या. चार दिवस असं झाल्यावर तिनं सरळ तेविसावा डबा घेतला. तीन खण, वर घट्ट झाकण. भरलेल्या डब्यातलं काढायचं नाही, हा तिचा धंद्यातला नेम होता. स्वतःच्या डब्यालाही तिनं तोच लावला.

उत्तरेश्वरला सुट्टीच्या दिवशी तो ओट्यावर दिसला. "ह्यो कुणाचा ऱ्हायला? रिक्षा तर गेली."

"गिऱ्हाईक हाय एक."

"कुठलं?"

"इथलंच. पैशे देत न्हाई, आन रोज म्हंतंय मीठ कमी हाय."

महिना भरला. समाजमंदिरात जाताना तिनं द्वारकाला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं. सुई कागदातून आपल्यासमोर फोडायला लावली. छोट्या यंत्रावर आकडा आला, साडेआठ. तनया खुर्चीतून उठलीच, पण इंदुबाई यंत्राकडे डोळे बारीक करून बघत राहिली.

"दुसऱ्या हाताचं बघा."

"अहो, रक्त दोन्ही हातांत एकच असतं."

"ते मला ठावं हाय. यंत्राला हाय का?"

तनयानं मुकाट्यानं दुसरं बोट टोचलं. पुन्हा साडेआठच. इंदुबाईनं कापूस बोटाला दाबून धरला.

"म्हंजे नळी न्हाई?"

"नाही. पण गोळ्या चालू ठेवायच्या, आणि तो डबाही."

"हिच्यासमोर सांगा," इंदुबाई म्हणाली आणि द्वारकाला पुढे ढकललं. द्वारका मात्र तिच्याकडे बघत नव्हती. ती पदर सावरत खुर्चीच्या कडेला टेकली होती आणि तनयाला हळूच विचारत होती, "सुई नवीच हाय ना?"