पांढऱ्या काठाचं पान

कंग्राळीच्या आमच्या परसात फणसाच्या सावलीला आम्हा दोघी जावांच्या कुंड्या शेजारी शेजारी आहेत. दोन्ही रोपं धाकट्या जावेच्या लेकीनं उटीच्या नर्सरीतून आणलेली. होस्टा म्हणतात त्याला. वीतभर उंची, हिरवं पान आणि त्याला पांढरा काठ, शहापुरी लुगड्याला असावा तसा नेटका. ऊन लागलं की करपतंय, म्हणून सावलीतच ठेवायचं.

एकाच दिवशी लावली, एकाच विहिरीचं पाणी. पण येणारी-जाणारी थांबायची ती जावेच्याच कुंडीपाशी. शेजारीण तर कानडीत भरभरून कौतुक करायची, आणि माझ्या रोपावरनं नजर अशी पुढं जायची, जशी काय तिथं नुसती माती आहे. मला लई लागायचं ते. माझ्यापुढं पण कुणीतरी थांबावं, एवढंच माझं मागणं.

मग मी कढीपत्त्याला घालते तसं आंबट ताक पाण्यात कालवून घालायला लागले. आणि काय सांगू, मधनं जोरदार फुटवा आला. पानं जावेच्या पानांच्या दुप्पट. पांढरं नव्हतं त्यात, सगळं हिरवंगार. म्हटलं, नसू दे, आकार तर बघा. मुद्दाम तिला हाक मारून दाखवलं.

ती वाकून बघत म्हणाली, "आक्का, हा हिरवा फुटवा मुळातनं काढा वो. ह्यो जोरात वाढतो आणि काठाची पानं मागं पडतात."

"व्हय गं, काढते की. माझं मोठं झालेलं तुला बघवंना व्हय?"

ती हसून गेली. मी फुटवा ठेवला, वर आणखी ताक घातलं. गणपतीपर्यंत बिनकाठाच्या पानांनी कुंडी भरली. शेजारीण एकदाची माझ्यापुढं थांबली, आणि विचारलं काय, तर वड्यांना ही अळूची पानं देता का.

त्याच दुपारी विळा घेऊन बसले आणि हिरवं सगळं मुळाशी कापलं. जाऊ आपल्या रोपातला अर्धा गड्डा काढून घेऊन आली. मी म्हटलं, राहू दे, माझं आहे ते फुटेल. तिनं दिलेलं रोप मिरवणार होते होय मी?

आता तिच्या कुंडीत जांभळ्या फुलांचा दांडा आलाय. माझ्यात एकच पान आहे, रुपयाएवढं, पण पांढऱ्या काठाचं. रोज सकाळी ती धुणं वाळत घालायला यायच्या आधी मी कुंडी फिरवून ठेवते, पान तिच्या बाजूला येईल असं.