भट्टीकाकांनी तोडलेली रसद

भट्टीकाकांचा जन्म गेला कारखान्याच्या बॉयलरपाशी. दाब वाढला की इंधन तोडायचं, एवढं शहाणपण त्यांना नोकरीभर पुरलं. तेच त्यांनी घरातही वापरलं. दिवा लुकलुकला की घरभर अंधार, शेजाऱ्याशी बिनसलं की बोलणं बंद.

काकूंना रक्ताचा कर्करोग झाला. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन समजावून सांगितलं. "प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एक या रोगट पेशींना स्वतः करता येत नाही. त्या ते रक्तातून उचलतात. हे औषध रक्तातलं ते संपवतं. मग त्या उपाशी मरतात."

काकांचा चेहरा उजळला. ही तर त्यांच्याच धंद्यातली गोष्ट. "म्हणजे रसद तोडायची."

"तसंच म्हणा. पण निरोगी पेशी ते स्वतः..."

पुढचं काकांच्या कानात शिरलंच नाही. घरी पोचताच डाळ, दूध, अंडी बंद.

"अहो, नुसता भात घशाखाली उतरत नाही," काकू म्हणाल्या.

"तुला नाही, रोगाला उपाशी ठेवतोय."

"तो आणि मी एकाच ताटात जेवतो, विसरलात वाटतं."

काका हसले. काकूही हसल्या आणि भात चिवडत राहिल्या. उभ्या संसारात नवऱ्याने पहिल्यांदाच त्यांचं काही एवढं मनावर घेतलं होतं. त्यावर पाणी कसं ओतायचं?

मग पाय सुजले. रक्तातली प्रथिनं पार तळाला गेली होती. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"ताटातलं काढून रोग उपाशी राहत नाही हो. ते आम्ल शरीर स्वतःच बनवतं. उपाशी राहिल्या त्या काकू. ताकद येईपर्यंत इंजेक्शन देता येणार नाही."

काका लगबगीने उकडलेलं अंडं घेऊन आले, दवाखान्याच्या बाकावर बसून सोललं. "खा."

"आता वासही नको वाटतो."

"एक घास. माझ्यासाठी."

"इतके दिवस तुमच्यासाठीच खाल्लं नाही," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा.

अर्धं खाल्लं आणि ओकल्या.

इंजेक्शन लांबत गेलं. रोगट पेशी रक्तात पुन्हा दिसू लागल्या. त्या दिवशी काकू डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणाल्या, "यांना काही बोलू नका. औषधच लागू पडलं नाही म्हणा."

काका दाराबाहेरच उभे होते. थोडं थांबून आत आले. "काय म्हणतात?"

"औषध लागू पडलं नाही म्हणतात."

"असेल," काका म्हणाले.