गोठलेल्या गावातलं बाळंतपण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते माझ्या थोरल्या वहिनीचे. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. रिवाजाप्रमाणे ती मला 'भाऊजी' म्हणू लागली आणि पहिल्याच दिवशी माझा शेंबूड पुसताना अरे-तुरेही करू लागली. दोन्ही सवयी तिने आजवर सोडलेल्या नाहीत. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. दादाची गावात पिठाची गिरणी होती आणि दहावी झाली की मी तिथे बसायचं, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. वहिनी म्हणाली, "मी बसीन गिरनीवर. थो शिकन." आणि ती बसली. मी तालुक्याला खोली घेऊन अकरावी-बारावी करत होतो, तेव्हा रोज सकाळच्या एसटीने कंडक्टरच्या हाती तिचा डबा यायचा. मी इंजिनिअर झालो आणि आयर्लंडमध्ये वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात लागलो, ते त्या डब्यांवर.

आम्ही एनिसला राहायचो. बायकोला दिवस गेले तेव्हा तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. बाळंतपणाला कोण येणार, या काळजीने मी गावी फोन केला. वहिनी म्हणाली, "तिले सांग, मी हाओ." तोवर ती नागपूरच्या पुढे कधी गेली नव्हती. नोव्हेंबरात ती शॅननच्या विमानतळावर उतरली. कपड्यांची एक पिशवी आणि ओवा, बाळंतशेपा, डिंक, खारकांची दुसरी. दुसरी पिशवी पहिलीपेक्षा मोठी होती.

एनिसची थंडी म्हणजे खरं तर पाऊसच. वर्षाचे बारा महिने समुद्राकडून ओला वारा येतो, गवत हिवाळ्यातही हिरवं राहतं. बर्फ लोकांना टीव्हीवर पाहून माहीत. घरं बांधली आहेत ती पाऊस आणि ओल बाहेर ठेवायला. प्रत्येक खोलीच्या भिंतीत, वरच्या अंगाला, एक वाटोळं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. हवा खेळती राहावी, भिंतींना बुरशी धरू नये म्हणून. आपली मंडळी नवीन घरात गेली की सामान लावायच्या आधी ते भोक शोधतात आणि बुजवतात. आमच्या आधी त्या घरात नागपूरकडचंच एक जोडपं राहत होतं. त्यांनी सगळ्या खोल्यांची भोकं जुने टॉवेल कोंबून आणि वरून टेप लावून बंद केली होती. केवढी सोय करून ठेवली, असं आम्ही तेव्हा एकमेकांना म्हणालो होतो.

डिसेंबरात मुलगी झाली. लिमरिकच्या इस्पितळातून घरी आल्यावर वहिनीने सगळा कारभार हातात घेतला. बाळाची तेल लावून मालिश, मग आंघोळ. त्यासाठी ती स्वतः बाथटबमध्ये पाय पसरून बसायची, बाळाला नडग्यांवर पालथं घालायची आणि मग वरून कढत पाणी. शेजारची म्हातारी एकदा हे बघायला थांबली. एकटी राहणारी विधवा बाई, रोज काही ना काही निमित्ताने यायची. ती आधी घाबरली. आंघोळ संपून बाळ गाढ झोपलं तेव्हा म्हणाली, "ग्रँड! उद्या मलाही घालायला सांग हिला."

मी वहिनीला अर्थ सांगितला.

"तिले म्हनाव, पाय नाई पुरनार माझे," वहिनी म्हणाली.

तिची एकच खंत होती, शेकाची. गॅसच्या शेगडीवर फडकं गरम करून ती शेक द्यायची, पण तिचं समाधान होत नव्हतं. "हे काय शेकनं हाय? पापड भाजल्यावानी. निखारा पाह्यजे."

नाताळ उलटला आणि एकाएकी पाऊस थांबला. आभाळ निरभ्र झालं आणि गारठा असा पडला, की रस्त्यावरचं पाणी जिथल्या तिथे काच झालं. आमची वसाहत चढावर होती. गाड्या वर येईनात, आलेल्या खाली जाईनात. पोस्टमन दिसेनासा झाला. एनिस गावात ना बर्फावर चालणारी टायरं होती ना फावडी. बर्फ सुटावा म्हणून लोक घरातली मिठाची बरणी आणून दारापुढे शिंपडत होते. मग एका सकाळी नळाला पाणी आलं नाही. पाण्याचे पाइप माळ्यावरून उघडेच नेलेले होते, ते गोठले. पाठोपाठ बॉयलर बंद पडला आणि घरभरचे रेडिएटर गार झाले. मी प्लंबरला फोन केला. पलीकडून बाई म्हणाली, तो सकाळीच बाहेर पडलाय, कधी येईल सांगता येत नाही.

म्हातारीला सांगितलं तर ती म्हणाली, "तो बाबा आता वसंतातच उगवेल. माझा नळ चालू आहे, बादल्या घेऊन ये."

बैठकीच्या खोलीत कोळशाची जुनी फायरप्लेस होती. घरातली तेवढीच ऊब. मी म्हटलं, दोघींचं अंथरूण खाली आणू या.

"बाळंतीन दारासमोर निजवतं?" वहिनी म्हणाली. "आल्यागेल्याची नजर. अन् हे धुराडं पाह्य, दाराखालून सारा वारा ओढते आत."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आगीपुढे बसलं की पोटऱ्या भाजायच्या आणि पाठीवरून गार वारा वाहायचा. बायकोही म्हणाली, वरच बरं, दार लावून घेता येतं.

तेव्हा वहिनीने ओव्हनमधला पत्र्याचा ट्रे काढला, फायरप्लेसमधले चांगले फुललेले निखारे त्यात घेतले, वरच्या छोट्या खोलीत दोन विटांवर ठेवले आणि चिमूटभर ओवा टाकला. आमच्या गावी असंच असतं. सव्वा महिना बाजेजवळ शेगडी धगधगते. वर कवेलूंचं छप्पर, भिंत आणि छपरामध्ये हात जाईल एवढी फट. त्याच घरात तिने स्वतःची बाळंतपणं काढली, जावांची काढली. पाहता पाहता खोली उबली. कित्येक दिवसांनी बायकोने कानाचा रुमाल सोडला. बाळाचे गार पडलेले तळवे गुलाबी झाले. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "आता कसं? आता बाळंतपन वाटते."

मी दार ओढून घेतलं आणि पाणी आणायला गेलो. निसरड्या वाटेवरून एकेक बादली आणायची म्हणजे वेळ लागतो. शेवटच्या खेपेला म्हातारी माझ्याबरोबर आली. तिच्या हातात सूपचं पातेलं होतं, ते बाळंतिणीसाठी. आम्ही वर गेलो. बायको झोपली होती, तोंड लालबुंद. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून तिने उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा खाली बसली. "डोकं जड झालं रे," एवढंच म्हणाली. बाळ तिच्या मांडीवर होतं. मी त्याच्या पायाला टिचकी मारली. ते हाललं नाही.

म्हातारीने पातेलं जमिनीवर ठेवलं आणि ओरडली, "खिडकी!"

खिडकी चौकटीला गोठून चिकटली होती. मी खांद्याने दोनदा धक्का दिला तेव्हा ती कडकन उघडली. म्हातारीने बाळ उचललं आणि जिना उतरून सरळ मागच्या अंगणात नेलं. मी बायकोला उठवून, जवळजवळ ओढत, खाली आणलं. मागून वहिनी कठडा धरत, धडपडत आली आणि बाहेरचा बर्फ पाहून किंचाळली, "वारा लागन पोरीले! झाका तिले, झाका!"

तिच्या आयुष्यभराच्या शिकवणुकीत याहून मोठं पाप नव्हतं. पंधरा दिवसांचं लेकरू, उघड्यावर, बर्फात. ती म्हातारीच्या हातातून बाळ ओढू लागली आणि मला, तिने वाढवलेल्या मला, तिचे दोन्ही हात धरून ठेवावे लागले. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि रडलं. आधी बारीक, मग चांगलं खणखणीत.

म्हातारीने फोन केला. अँब्युलन्स आली, पण चढाच्या पायथ्याशीच थांबली. म्हातारीने नवऱ्याचे जुने लोकरी मोजे आणले आणि आम्हा सगळ्यांच्या पायताणांवरून चढवले, बर्फावर पाय घट्ट बसतो म्हणून. वहिनीने चपलांवरून मोजे घातले, लुगड्याचा ओचा खोचला आणि रस्ताभर मान वर न करता चालली. एनिसच्या इस्पितळात तिघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यांचा विषारी वायू बंद खोलीत कोंडला होता; वेळेवर बाहेर काढलंत, पोर ठीक आहे. भिंतीची भोकं उघडी करा, एवढंच त्यांनी मला बजावलं. घरी येताच मी सगळ्या खोल्यांमधले टॉवेल उपसून काढले.

दोन दिवसांनी बर्फ वितळला, नळाला पाणी आलं, प्लंबरही उगवला. पण वहिनीने बाळाला हात लावणं सोडलं. स्वयंपाक करायची, डिंकाचे लाडू वळायची, दुपटी धुवायची. बायको मांडीवर बाळ द्यायला गेली की हात मागे घ्यायची.

"घ्या ना वहिनी, तुमच्याशिवाय झोपत नाही ती."

"झोपन. तूच घे वं माय. ह्या हातानं नको."

टॉवेल आमच्या आधीच्या लोकांनी कोंबले होते, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "इस्तू कोनं ठेवला?" निखाऱ्याला आमच्याकडे इस्तू म्हणतात. म्हातारीही एकदा समजवायला येऊन बसली. लहानपणी हिवाळ्यात तिची आई दारंखिडक्या गच्च लावून चुलीत पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, पेटवायची आणि सगळी भावंडं डोकी धरून उठायची. "आईने आम्हाला जपता जपता दोनदा मारायचंच बाकी ठेवलं होतं," ती म्हणाली. मी ते मराठीत सांगितलं. वहिनी हसली, तिला चहा करून दिला. बाळाला मात्र घेतलं नाही. ती गावी परतली तेव्हा विमानतळावरही तिने फक्त दुपट्याला हात लावला.

मी फोन केला की ती तो दादाकडे द्यायची. मुलीबद्दल विचारायची, पण दादामार्फत. दोन वर्षं अशी गेली. मग मी तिला हे पत्र लिहिलं.

"वहिनी, नमस्कार करतो. फोनवर तू बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. दादाला सांग, त्याने हे पत्र तुला पूर्ण वाचून दाखवावं, मधलं काही गाळू नये.

मुलगी छान आहे. दिवसभर पळते. आम्ही मराठीत बोलतो, ती उत्तर इथल्या लोकांसारखं इंग्रजीत देते. शेजारच्या आजी तिला रोज फिरवतात.

हिला पुन्हा दिवस गेले आहेत. उन्हाळ्यात होईल. तिच्या आईचे गुडघे आता बरे आहेत आणि त्या यायला तयार आहेत, तिकिटाची चौकशीही त्यांनी करून ठेवली. मी हिला म्हटलं, मग तुझ्या आईलाच येऊ दे. ती माझ्यावर रागावली. म्हणाली, आई येईल, बसेल, नातवंडांना खेळवेल. पण बाळाला आंघोळ वहिनीच घालतील. त्या दिवशी माझं लेकरू ज्यांच्या मांडीवर होतं, त्यांच्याच मांडीवर मी दुसरं देणार, दुसऱ्या कुणाला नाही. हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत. मी तुला कधी काही मागितल्यावर तू नाही म्हणाली नाहीस, म्हणून माझ्या मागण्याला किंमत नाही. पण हे ती मागते आहे. लेकराची आई मागते आहे.

तू येईपर्यंत बाळाला नुसतं ओल्या कपड्याने पुसायचं, असं तिने ठरवूनही टाकलंय. तेव्हा उशीर करू नकोस."