सात दिवसांची चिठ्ठी

नाना दुकानात आले की आधी दोन्ही तळवे काउंटरवर आपटायचे, घसा खाकरायचे आणि समोर मी एकटा असलो तरी हजार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "मेडिकलवाल्यांनी नोंद घ्यावी! नानांची बारी लागलेली हाय!"

बारी म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीतली एकेका गाड्याची पाळी. आमच्या जुन्नर-आंबेगावात जत्रा म्हटली की शर्यत आली, शर्यतीच्या घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, लाऊडस्पीकर आला आणि लाऊडस्पीकरमागे वर्षानुवर्षं नाना बसलेले असायचे. कुणाचा गाडा, कुठल्या गावचा, किती सेकंदांत आला, हे तर ते सांगायचेच. शिवाय कुठल्या पाव्हण्यानं फेटा उलटा बांधलाय आणि कोण घरी खोटं सांगून जत्रेला आलाय, तेही जाहीर करायचे. एकदा त्यांनी माझं नाव घेऊन सांगितलं, "दुकान बंद ठेवून घाटात आलेत, आजाऱ्यांनी नोंद घ्यावी!" मी तसाच परत गेलो आणि कुलूप काढलं.

नव्वदीच्या मध्यात मी घोडेगावात औषधांचं दुकान टाकलं. नवानवा फार्मासिस्ट. चिठ्ठीवरचं औषध दिलं की तिच्यावर शिक्का मारायची मला भारी हौस. नानांच्या चिठ्ठीवर मी झोकात शिक्का मारला, तर नानांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि शिक्का शांतपणे पुसून टाकला. चिठ्ठी लॅमिनेट केलेली होती.

त्या काळी लॅमिनेशनचं खूळच आलं होतं. शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, देवाचा फोटो, जे सापडेल ते लोक प्लास्टिकमध्ये घालून आणायचे. पण डॉक्टरांची चिठ्ठी लॅमिनेट करणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी एकच पाहिला.

"कागूद भिजतो, भाऊ," नाना म्हणाले. "एवढ्या मोठ्या डॉक्टरच्या हातचं अक्षर. जपाय नको?"

अक्षर नीट वाचलं तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं होतं : सात दिवस. तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

तरुणपणी नाना बैल जुंपायचे. चवताळलेले बैल गाड्याला जुंपून सुटायच्या क्षणापर्यंत धरून ठेवायचे, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. असाच एक बैल त्यांच्या अंगावर आला आणि पाठ कायमची दुखावली. पुष्कळ वर्षांनी पुण्यात ऑपरेशन झालं, आणि जखम भरेपर्यंत म्हणून डॉक्टरांनी एक दुरंगी कॅप्सूल लिहून दिली. तिच्यात अफूच्या नात्यातलं औषध असतं. चार दिवस घेतलं तर दुखणं सुसह्य होतं. पण रोज घेत राहिलं तर अंगाला सवय होते, एकीचं काम दोनांशिवाय होत नाही, दोनांचं चारांशिवाय.

हे मला कॉलेजात शिकवलं होतं. तरी मी नानांना कॅप्सूल दिल्या, एकदा नव्हे, वर्षभर. त्यांची बडबड ऐकायला मला आवडायचं, हे एक कारण. गिऱ्हाईक होतं, हे दुसरं. दुसरं कारण मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही.

मग एका अंगारकीला ओझरला विघ्नहराचं दर्शन घेऊन आम्ही तिघं मेडिकलवाले चहाला बसलो. एक नारायणगावचा, एक मंचरचा आणि मी. मी म्हटलं, "आमच्याकडे एक नमुना येतो बघा," आणि काउंटरसारखे टेबलावर तळवे आपटले. कप हिंदकळले. नारायणगाववाला लगेच म्हणाला, "नोंद घ्यावी!" मंचरवाल्यानं अंगठ्याला थुंकी लावून दाखवली. आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता मंचरवाल्यानं विचारलं, "तू आठवड्याला किती देतोस?" तिघांनी आपापला आकडा सांगितला आणि पुढे कुणी चहा प्यायला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी नानांना गाठलं. "नाना, हे जास्त झालंय. त्यावर दारू पोटात गेली तर श्वास थांबतो."

"दारू वाईट, हे मान्य," नाना म्हणाले. "पर ही काय हातभट्टी हाय का? डॉक्टरनं लिवलीय, दुकानात मिळती. धोका असता तर तुमी दिली असती का?"



पुढच्याच जत्रेत मी मुद्दाम घाटात गेलो. दुपारची वेळ, उन्हानं डोकी तापलेली. नानांनी चार-पाच गाडे झकास पुकारले. मग आवाज जडावला, शब्द एकमेकांवर चढायला लागले, आणि एका गाड्याचं नाव अर्ध्यावर सोडून ते गप्प झाले. माईक तसाच तोंडाशी राहिला. आणि चारी कर्ण्यांतून सगळ्या घाटाला नानांचं घोरणं ऐकू यायला लागलं.

लोक हसून हसून लोळले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. खाली गाडामालक ओरडत होता, "माझी बारी पुकारा, राव! बैल थांबना!" मीही हसत होतो. मग एक घोरणं संपलं आणि दुसरं आलंच नाही. मी मनात आकडे मोजले. नवाला आलं. त्यानंतरचं चौदाला आलं. लोकांना वाटत होतं की नाना नकला करतायत.

मी स्टेजकडे पळालो. ओठ निळसर पडले होते, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. शेजारच्यानं सांगितलं की जिंकलेल्या मालकानं खुशीनं अर्धी बाटली पाजली होती. मी त्यांना कुशीवर वळवलं, गदागदा हलवलं आणि ओरडलो, "नाना, श्वास घ्या! श्वास घ्या!" माईक चालूच होता. माझं ओरडणं सगळ्या घाटानं ऐकलं आणि हसणं एकदम थांबलं. एका बागायतदारानं जीप काढली. वाटभर मी त्यांच्या कानाशी ओरडत होतो आणि ते हूं म्हणून एकेक श्वास घेत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी वाचवलं.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्या गाड्याची बारी पुकारली का कुणी?"

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एकदम तोडायचं नाही, पायरी-पायरीनं उतरवायचं. आम्ही तिन्ही दुकानदारांनी ठरवलं की कॅप्सूल फक्त माझ्याकडून, डॉक्टर सांगतील तेवढ्याच आणि दोन-दोन दिवसांच्याच. नानांनी लॅमिनेट केलेली चिठ्ठी माझ्या हवाली केली, पण मुकाट्यानं ऐकतील तर ते नाना कसले? तिसऱ्या आठवड्यात मंचरच्या दुकानात मफलर आणि काळा चष्मा लावून एक गृहस्थ आले. "मी नानांचा चुलतभाव, ओतूरचा. त्यांची पाठ लई दुखती." तळवे काउंटरवर आपटलेलेच होते. मंचरवाल्यानं त्यांना चहा पाजला आणि हात हलवत परत पाठवलं.

ते तीन महिने त्यांना फार जड गेले. नाक गळायचं, जांभया आवरायच्या नाहीत, पोटात मुरडा, अंगावर काटा. "भाऊ, मी चोर झालोय का हो?" एकदा त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अंगाला सवय झालीय, नाना. चोरी आम्हीच केली." शेवटी कॅप्सूल सुटल्या. पाठ थोडी दुखायची, पण पट्टा आणि व्यायामावर भागायला लागलं. नाना पुन्हा माईकवर बसले.

सात-आठ वर्षं अशी छान गेली. मग एक दिवस काकू, म्हणजे नानांची बायको, निरगुडसरकडच्या मळ्यातून दुकानात आल्या. नानांना कॅन्सर झाला होता, तो हाडांत उतरला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या आणि नाना त्यांना हात लावत नव्हते. "उशी चावत्यात, पर घेत न्हाईत. तुमीच या," काकू म्हणाल्या.

मी गेलो. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. अंगाचं नुसतं चिपाड झालं होतं.

"तुमीच सोडवली, भाऊ," ते म्हणाले. "आता तुमीच गिळा म्हणताय. खरं काय समजायचं मी?"

"तेव्हा दुखणं गेलं होतं आणि गोळी उरली होती," मी म्हटलं. "आता दुखणं आहे. ही गोळी याच दुखण्यासाठी असते. डॉक्टर विचारून विचारून देतील, आपण लपवणार नाही."

"परत लागली तर? मला परत थुकी लावून शिक्के पुसायचं न्हाई."

माझ्याच काउंटरवर या माणसानं गोळीवर विश्वास ठेवला होता आणि माझ्याच काउंटरवर तो उडाला होता. मी गोळ्यांच्या डब्यावरची डॉक्टरांची सूचना त्यांना वाचून दाखवली : दर चार तासांनी एक. मग तेच म्हणाले, "घेतो. पर डबा हिच्याकडं. भिंतीवर कागूद लावा, आन दर गोळीला माझी सही. हिशोब उघड्यावर पायजे."

सहा महिने नाना दर चार तासांनी गोळी घेत होते आणि सही करत होते. उशी चावणं थांबलं. ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची टर उडवणंही सुरू झालं. डॉक्टरांना फोनवर सांगायचे, "आज कंबर कमी, जीभ जादा."

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी काकू एसटीनं घोडेगावला आल्या. पदराच्या गाठीत उरलेल्या अकरा गोळ्या होत्या. "दीर म्हणला, माझी पाठ दुखती, चार ठेव. जाऊ म्हणली, फेकू नको, म्हागाची हाय," त्या म्हणाल्या. "पर त्यांनी दोनदा बजावलं व्हतं. ज्याच्या नावची, त्यालाच. एक बी गोळी गावात ऱ्हायला नको."

दुसऱ्या दिवशी मी त्या पुण्याला, जिथून दिल्या होत्या त्याच दवाखान्यात परत केल्या.

काकूंनी भिंतीवरचे कागदही आणले होते, ते मी ठेवून घेतले. आधी नानांची सही ऐटबाज आहे, पुढे पुढे ती नुसती रेघ होते. शेवटच्या दोन दिवसांत रेघसुद्धा नाही. काकूंना लिहिता येत नव्हतं. गोळी दिली की त्या स्वयंपाकातला हात तसाच कागदावर टेकवायच्या. वेळच्या वेळी, एकही न चुकवता, हळदीचं एकेक बोट उमटलेलं आहे.