बावीस की सतरा

घर घेताना आमच्यात जेवढी भांडणं झाली नाहीत, तेवढी एका रायफलीवरून झाली. आणि ती रायफल हवी होती कुणासाठी, तर एका ग्राउंडहॉगसाठी. हा प्राणी ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एक घूस डोळ्यांपुढे आणावी, तिला लठ्ठ मांजराएवढी करावी आणि अंगावर करड्या-तपकिरी केसांची गोधडी घालावी. दिसायला अगदी गरीब. मागच्या पायांवर उभी राहते तेव्हा पुढचे दोन पाय हात जोडल्यासारखे धरते, त्यामुळे आपल्यालाच अपराधी वाटतं. पण त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत तिनं माझी मेथी, दोडके आणि दुधीचा अख्खा वेल फस्त केला, वर घरामागच्या लाकडी डेकखाली असं पोखरलं की एक पायरी खचून तिरकी झाली. मेथीचं दुःख मी गिळलं असतं. पण त्या पायरीवरून सासूबाई रोज उतरायच्या.

आम्ही मिशिगनमधल्या ॲन आर्बरपासून अर्ध्या तासावर राहतो, शहरातल्या बसेस यायच्या थांबतात त्याच्याही पुढे. तीन एकर जमीन, मागे उतरत गेलेलं गवत, गवत संपतं तिथे मातीचा उंच बांध आणि बांधाच्या पायथ्याशी घुशीचं मुख्य बीळ. पिंजरा लावून झाला होता. त्यात घाण वासाची पिचकारी मारणारा स्कंक सापडला, आणि त्याला सोडवताना नवऱ्याचं जे झालं ते मी लिहीत नाही. पकडून दुसरीकडे नेऊन सोडायला इथे बंदी. टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या, ऑफिसात विचारलं, तर तिथल्या बाईनं शांतपणे सांगितलं की तुमच्या जमिनीत नुकसान करत असेल तर मारा. मग कशानं मारायचं, यावर महाभारत सुरू झालं.

नवऱ्यानं जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. पण हा माणूस प्रेशर कुकर घ्यायचा असला तरी पंधरवडाभर व्हिडिओ बघतो. तो ठाम होता, की सतरा घ्यायची. सतरा म्हणजे पॉइंट वन-सेव्हन, अगदी बारीक आणि वेगवान गोळीची रायफल.

"अगं, सेव्हेंटीन एकदम फ्लॅट जाते," तो म्हणाला. "बिळापर्यंत शंभर यार्ड आहेत. डेकवरून एम केलं की संपलं. आणि बुलेट एवढीशी असते, लागल्याबरोबर तिचे तुकडे होतात, उसळून कुठे पुढे जात नाही. सेफ्टीच्या दृष्टीनं पण तीच बेस्ट."

यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर मला जास्त चीड आली. मी नागपूरची. कॉलेजात एनसीसीत होते आणि पालथं पडून पॉइंट टू-टूच्या, म्हणजे बावीसच्या रायफलनं बऱ्यापैकी नेम मारायचे. बावीसची गोळी जड आणि मंद. पन्नास-साठ यार्डांच्या पुढे ती खाली पडत जाते, कडक जमिनीला घासली तर उसळते. म्हणजे ती मारायची तर जवळून, खाली कलवून, मागे मऊ माती आहे ना ते बघून. मला हाच तिचा गुण वाटत होता. लांबून मारता येतं म्हटलं की माणूस लांबूनच मारतो, आणि लांबून आपल्याला जे हवं असतं तेच दिसतं.

"तुझ्या त्या सतराच्या सतरा भानगडी," मी म्हटलं. "जरा वारा सुटला की गोळी इकडची तिकडे. मला शंभर यार्डांवर मारायचंच नाहीये. ती भाजीपाशी येते, तिथे मारीन."

"आणि नाही आली तर?"

"तर थांबेन."

"यार, तू एनसीसीत होतीस, आर्मीत नव्हतीस."

दुकानदारानं तिसरीच काढून पुढे ठेवली, टू-टू-थ्री, कोयोटी, म्हणजे इथले रानकोल्हे, मारायला नेतात ती. घुशीसाठी तोफ कशाला, म्हणून आम्ही दोघांनीही मान हलवली. त्या दिवशीचं आमचं तेवढं एकच एकमत. शेवटी मारणार मी, म्हणून बावीस घरी आली. मी गवतात साठ यार्डांवर एक पांढरी काठी रोवली. घूस काठीच्या अलीकडे आली तरच गोळी झाडायची, असा माझा मीच नियम केला. नवरा त्या काठीला लक्ष्मणरेषा म्हणायचा आणि हसायचा.

सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सगळं आयुष्य कोकणातल्या एका खेड्यात गेलेलं, बोलणं मोजकं, आणि इथल्या कशाचंही त्यांना नवल वाटायचं नाही. रायफल पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "मारायची तर मार, पण तिन्हीसांजेला नको." घूस नेमकी तिन्हीसांजेलाच बाहेर पडायची, त्याला मी काय करणार!

एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "संध्याकाळी मागे कोण हाक मारतं गं?"

नवरा हसला. "आई, ती घूसच आहे. डेंजर वाटलं की शिट्टी मारते. इथले लोक तर तिला शिट्टी मारणारं डुक्कर म्हणतात."

आईंनी बशी खाली ठेवली. "डुकराला माझं माहेरचं नाव कसं ठाऊक?"

लग्नात त्यांचं नाव बदललं होतं. जुनं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, नवऱ्यालाही पटकन आठवेना. त्या नावानं हाक मारणारी माणसं केव्हाच गेली होती, आणि ती असती तरी मिशिगनला कशाला येतील? "एकदाच मारतं," आई म्हणाल्या, "मग गप्प." मी जरा तोडूनच म्हटलं की आता कानांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ या. मला भीती वाटली की राग येतो, आणि त्या सकाळी मला बराच राग आला होता.

त्यानंतर मीही लक्ष देऊन ऐकायला लागले. शिट्टीच होती. बारीक, एकच, गवताच्या टोकाकडून येणारी. फक्त शेवटी ती जरा वर जायची, आपण लांबच्या माणसाला बोलावताना आवाज वर नेतो तशी. मी ते कुणाला सांगितलं नाही.

त्या शनिवारी नवरा लेकीला स्विमिंगला घेऊन गेला होता. आई आपल्या खोलीत जप करत बसल्या होत्या, निदान मी अर्ध्या तासापूर्वी पाहिलं तेव्हा तरी. मी डेकवर बसून रायफल कठड्यावर टेकवली होती. ऊन गेलं होतं, गवताचा रंग उतरत चालला होता, आणि पाखरंही गप्प झाली होती. बिळाच्या तोंडाशी एक तपकिरी उंचवटा दिसला. मघाशी तो तिथे नव्हता.

रायफलीवरच्या दुर्बिणीतून पाहिलं. करडी-तपकिरी गोल पाठ, डोकं खाली, हळूहळू हलणारी. नेहमीपेक्षा चांगलीच मोठी वाटली. थंडी यायच्या आधी या चरबी चढवतात हे वाचलं होतं, तेव्हा मनात म्हटलं, माझ्याच दुधीवर पोसलीये मेली. मागे बांधाची मऊ माती, वारा नाही, वाटेत काही नाही.

गोळी झाडायच्या आधी आपली सगळी माणसं आपल्या मागे आहेत ना, हे मोठ्यानं विचारायचं, ही सवय एनसीसीतली. मी मान न वळवता ओरडले, "आई, घरात आहात ना?"

"ओ," आतून आलं.

आमच्या घरात 'ओ' देणारं माणूस एकच. लेक 'व्हॉट' म्हणते, नवरा 'हां, बोल' म्हणतो. जरा घोगरी, किंचित लांबवलेली ती 'ओ' मी झोपेतही ओळखली असती.

"मग तिथेच बसा," मी म्हटलं. "मी सांगेपर्यंत उठू नका."

मी पुन्हा डोळा लावला. घूस काठीच्या कितीतरी पलीकडे होती. हातात सतरा असती तर मी तेव्हाच मारलं असतं, यात मला तिळमात्र शंका नाही. नेम बसलेला होता, अंतर सतराच्या आवाक्यातलं होतं, आणि घरातून ओ आलेली होती. पण हातात बावीस होती. एवढ्या लांबून ती कुठे लागेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी नवऱ्याला मनातल्या मनात 'जिंकलास बाबा' म्हणत थांबले. ये, अलीकडे ये, एवढंच म्हणत होते.

इतक्यात शिट्टी आली. ती बिळाकडून नाही आली. पार डाव्या हाताला, भाजीच्या वाफ्यांतून आली. आणि बिळापाशी जे बसलं होतं ते उठायला लागलं. घुशीला जेवढं उभं राहता येतं त्याच्या वर ते उठत गेलं. गुडघ्यावर हात टेकून, थांबत थांबत. मग तपकिरी शाल खांद्यावरून घसरली आणि खाली पांढरे केस दिसले.

मी बोल्ट मागे ओढून गोळी बाहेर पाडली. रायफल खाली कशी ठेवली ते आठवत नाही. गवतातून धावताना माझ्या तोंडून 'आई, आई' एवढंच निघत होतं, आणि आता त्या लगेच ओ देत होत्या.

"आज हाक अगदी स्पष्ट आली," मी पोचल्यावर त्या म्हणाल्या. गॅरेजच्या दारातून बाहेर पडून त्या बांधाच्या कडेकडेनं तिथवर गेल्या होत्या. बोटांना माती लागली होती. "म्हटलं, एकदा बघावं तरी कोण आहे."

"मी हाक मारली तेव्हा ओ का नाही दिलीत?" मी रडत होते आणि ओरडतही होते. "गोळी घातली असती मी तुम्हाला! मी, माझ्या हातानं!"

"तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते," आई समजावल्यासारखं म्हणाल्या. "माणूस असेल तर पुन्हा हाक मारतं. दुसरं जे असतं ते एकदाच मारतं. तू पुन्हा मारली नाहीस, म्हणून मी गप्प बसले."

"पुन्हा कशाला मारेन? तुम्ही घरातून ओ दिलीत की!"

वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला ते ऐकू आलं. आईंनी घराकडे पाहिलं. स्वयंपाकघरातला दिवा लागलेला होता आणि डेकचं दार मी उघडं टाकलं होतं. आत काही हलत नव्हतं.

"माझाच आवाज?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तू काय म्हणालीस त्याला?"

मला ते सांगायचं नव्हतं. पण सांगितलं. "म्हटलं, तिथेच बसा. मी सांगेपर्यंत उठू नका."

बंदुकीचं ऐकून त्या डगमगल्या नव्हत्या. आता मात्र त्यांनी मातीच्या बोटांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"अगं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मग आता त्याला ऊठ म्हणून सांगायला आत कोण जाणार?"